दोन बोटं सैल

सोळा वर्षं मी कापडाच्या गाठी बांधतोय,
इंदूरच्या क्लॉथ मार्केटात, पोरवालसेठच्या पेढीवर.
गुडघा रोवायचा, सुतळी ओढायची,
ट्रक रतलामपर्यंत आपटत गेला तरी
आतला ताका हलता कामा नये.
माझ्या हातची गाठ वाटेत सुटली,
असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

म्हणून घरी आल्यावर तिसऱ्या रात्री,
पोरगी थांबेना, केतकीचे टाके ओढत होते,
तेव्हा मीच म्हटलं, आण इकडे,
बांधणं हा तर माझा धंदा.

दुपटं पसरलं. केतकीच्या जुन्या माहेश्वरीचं,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.
दंड अंगाशी, पाय सरळ,
एक फेरा डावीकडून, एक उजवीकडून,
आणि सवयीनं
गुडघा उचलला गेला माझा.

तिथेच थांबलो.
स्वतःच्या गुडघ्याची भीती
आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

खालच्या मजल्यावरची भाबरसिस्टर
एमवायची रात्रपाळी करून सातला आली,
हातात पोह्यांची पुडी.
जिन्यातूनच रडणं ऐकून वर चढली.
बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
विचारलं, "कुठं पाठवताय हिला?"

मग पुडी खिडकीत ठेवून, हात धुऊन,
सगळं सोडलं.
वरचा कोपरा दुमडला, खांदे त्या दुमडीला लावले,
कापड पोटावरून नेऊन पाठीखाली खोचलं,
छातीपाशी आपली दोन बोटं आत घालून पाहिली.
सरकली. पुन्हा घालून पाहिली.
कमरेखाली मात्र नुसती पिशवी सोडली,
गुडघे बेडकासारखे फाकतील एवढी ऐसपैस.
"नऊ महिने अशीच होती ती.
सरळ करायची घाई कसली?
खुब्याचं हाड अजून कच्चं असतं."

आई दारातून म्हणाली,
"आमच्यात पाय घट्टच बांधतात. हाही तसाच वाढला."
सिस्टरनं माझ्या पायांकडे एकदा बघून घेतलं
आणि काही बोलली नाही.

जानेवारी होता. आईनं वरून रजई आणली,
कानटोपी आणली, कोपऱ्यात शेगडी तर होतीच.
शेगडी सिस्टरनं स्वतः उचलून गच्चीत नेली.
परत येऊन आईचं बोट धरलं
आणि बाळाच्या मानेमागे टेकवलं.
घाम.
आई बराच वेळ बोट तसंच धरून राहिली.
मग टोपी काढली,
रजई न सांगता घडी करून नेली.

"पाठीवरच निजवायची. कुशीवर नाही, पालथी नाही.
उशी नको, तोंडाजवळ चिंधीसुद्धा नको."
एवढं सांगून ती गेली.
पोहे खिडकीतच राहिले.

त्या रात्री ती सलग तीन तास झोपली.
केतकी तर घोरली.
मी पलंगाच्या कडेला बसून
दुपट्याखाली दोन बोटं घालून पाहिली.
बोटं वर गेली. खाली आली. वर गेली.
पन्नास किलोची गाठ उचलणारा मी,
आणि मला उचलत होती ती,
एवढ्याशा छातीनं.

दुसऱ्या दिवशी गेंदालाल हमालानं
माझी गाठ पाठीवर घेतली आणि परत खाली टाकली.
"खरगोणकरभाऊ, आज माल श्वास घेऊ लागला!"
सेठ ओरडले. पुन्हा बांधायला लागली.

रंगपंचमीला गेर राजवाड्याकडे निघाली होती,
ढोल आमच्या भिंतीपर्यंत येत होता,
तेव्हा तिनं खांदा टाकला
आणि अर्धी कूस घेतली.
केतकी ओरडली, "बघ, बघ!"
मला सिस्टरचं आठवलं:
वळायला बघेल त्या दिवसापासून बांधायचं नाही,
एक रात्रसुद्धा नाही.

रात्री हात मोकळे ठेवून निजवली.
तीनदा दचकली, तीनदा दोन्ही हात हवेत फेकले,
तीनदा आम्ही उठलो.

चौथ्यांदा झोप येईना म्हणून
मी दुपटं घडी करायला घेतलं.
सोळा वर्षं हेच करतोय.
चार कोपरे, साधं कापड.
कोपऱ्याला कोपरा
काही केल्या जुळेना.